दुसऱ्याच्या गावची मंडई

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी चार दिवसांत आटोपत नाही. भाऊबीज झाली की मंडया सुरू होतात. हलका धान कापून घरी आलेला असतो, भारी धान बांध्यांमध्ये अजून उभा असतो, आणि मधल्या मोकळ्या दिवसांत एकेक गाव आपापली मंडई भरवतं. दिवसा दंडार नाचते, गोवारी लोक आपली उंच बांबूची ढाल वाजतगाजत आणतात, जिलेबीची दुकानं लागतात, रात्री नाटक होतं, आणि ज्या गावची मंडई त्या गावच्या घराघरांत पाहुण्यांच्या पंगती उठतात. तारखा आजोबा-पणजोबांपासून ठरलेल्या. आज या गावची, उद्या त्या गावची. म्हणजे पोट मजबूत असेल आणि लाज बेताची असेल, तर माणूस दिवाळीनंतर कितीतरी दिवस घरचं मीठ न खाता राहू शकतो.

आमच्या खैरटोल्याच्या केवळरामचं पोट मजबूत होतं.

दिसायला तो काडीपैलवान. एवढं खाल्लेलं जातं कुठं, हा गावापुढचा जुना प्रश्न होता. भाऊबीज झाली की तो लग्नातला काळा कोट काढायचा, स्वच्छ आभाळाखाली काखेत छत्री मारायचा आणि निघायचा. ढाल मंडईत शिरायच्या आधी केवळराम शिरलेला असायचा. प्रत्येक गावात त्याचं नातं होतं. बपेऱ्याचे पुंडलिकराव म्हणजे त्याच्या मावसबहिणीच्या दिराचे साडू. सिहोऱ्याच्या निर्मलाबाईंचं माहेर आणि केवळरामच्या आजीचं माहेर एकच, म्हणून त्या बहीण. पार साकोलीकडं, सानगडीला, तुलाराम नावाचा एक भला शेतकरी होता. त्याच्याशी केवळरामचं नातं एवढंच की, एकदा दोघं तुमसरच्या बसस्टँडवर एकाच बाकावर बसले होते. पण केवळराम दरवर्षी एसटीनं सानगडीची मंडई करून यायचा आणि तुलारामला ‘भाऊ’ म्हणायचा. बिचाऱ्या तुलारामनं तो बाक बदलून पाहिला असता तरी काही फरक पडला नसता.

खाऊन मुकाट्यानं उठला असता तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण केवळराम हा चिकित्सक पाहुणा होता. पातोडीच्या रश्श्यात खोबरं कमी पडलं, भात जरा ओला झाला, हे तो यजमानाच्या तोंडावर, ‘जी’ लावून सांगायचा. आणि सगळ्यात शेवटी यायची बड्यांची पाळी. उडदाच्या डाळीचा बडा हा आमच्याकडं मंडईच्या जेवणाचा राजा. केवळराम एक बडा उचलायचा, मधोमध मोडायचा, आतली जाळी डोळ्यांजवळ नेऊन बघायचा आणि म्हणायचा, “बरा आहे जी. पण आमच्या घरचा बडा...” आणि वाक्य तिथंच सोडून डोळे मिटायचा. मिटल्या डोळ्यांनी आणखी चार बडे खायचा. सिहोऱ्याला मी स्वतः हे दोनदा पाहिलं आहे. निर्मलाबाईंनी दुसऱ्या वर्षी डाळ बदलली, तिसऱ्या वर्षी पाटा बदलला. केवळरामचं वाक्य काही बदललं नाही.

आम्हाला खैरटोल्यात ही शुद्ध थाप वाटायची. कारण त्याच्या घरचा बडा आम्ही कोणीच खाल्लेला नव्हता. आमच्या गावाला मंडईच नव्हती. मंडई नाही म्हणजे पाहुणे नाहीत, पाहुणे नाहीत म्हणजे बडे नाहीत.

घरात दोघंच. केवळराम आणि त्याची बायको शकुनबाई. ही बाई लग्नात माहेराहून पितळेची एक भलीमोठी कढई घेऊन आली होती. बापानं हौसेनं दिली होती, लेकीच्या घरी पाहुण्यांचा राबता राहील म्हणून. पहिल्या दिवाळीला तीत घरापुरते बडे तळले गेले, तेवढेच; त्या कढईखाली आता कोंबडीची पिल्लं झाकून ठेवत. शकुनबाईनं केवळरामजवळ कधी लुगडं मागितलं नाही, पाटल्या मागितल्या नाहीत. तिची एकच इच्छा होती आणि ती गावातल्या सगळ्या बायकांना ठाऊक होती. आपल्याही अंगणात एकदा पंगत बसावी आणि आपण वाढावं. आणि ते होत नसेल तर निदान नवऱ्याबरोबर एखादी मंडई तरी पाहावी.

“गुरं कोण पाहील?” केवळराम म्हणायचा.

“शेजारी सांगून जाऊ.”

“शेजारचे लोक आपली गुरं काहून पाहतील? घरचंच तं आहे, तू पाह्य.”

मग तो मंडई करून परत यायचा आणि ओट्यावर बसून तिला सगळं सांगायचा. कोणाच्या घरी काय होतं, कोणाची सून कशी वाढते, पुंडलिकरावांच्या गाईला गोऱ्हा झाला, तुलारामच्या आईला डोळ्यांनी दिसत नाही. सांगण्यात तो कंजूष नव्हता, हे कबूल केलं पाहिजे. शकुनबाई चुलीपाशी बसून ऐकायची. एवढीच तिची मंडई. मग ती त्याच्यापुढं साधं ताट ठेवायची, लाखोळीची डाळ आणि भात. केवळराम पहिला घास घ्यायचा आणि म्हणायचा, “मीठ पाहून टाकत जाजो.”

ज्या माणसाच्या तोंडात गावोगाव ‘आमच्या घरचा बडा’ होता, त्यानं घरी या वाक्यापलीकडं कधी मजल मारली नाही. घर की मुर्गी दाल बराबर म्हणतात ना, इथं तर घरी दालच होती.

अठ्ठ्याहत्तर साली आम्ही पोरांनी युवक मंडळ काढलं. काढलं म्हणजे काय, मारुतीच्या देवळाच्या पाराला निळीनं नाव लिहिलं. आता मंडळ आहे तर काही केलं पाहिजे, म्हणून ठरवलं की यंदापासून खैरटोल्याची मंडई भरवायची. पारावर सभा बसली. सरपंच मधुकररावांनी दोन गोष्टींना हरकत नाही म्हणून सांगितलं. मंडई भरवायला, आणि उद्घाटन त्यांच्या हातून व्हायला.

हरकत एकट्या केवळरामला होती. तो उभा राहिला.

“मंडई का खेळ आहे का बापू? गाव आपलं लहान. लोक येतील, त्याहिले बसवाल कुठं? निजवाल कुठं? एका घरात दहा दहा पाहुणे येतात. मी पाहून राहिलो ना इतक्या वर्षांपासून.”

खरंच होतं. त्याच्याइतकं कोणी पाहिलेलं नव्हतं. त्याला भीती कशाची आहे हे पाराखाली बसलेल्या कुत्र्यालाही कळत होतं. ज्यांच्या ज्यांच्या घरी त्यानं बडे मोडून पाहिले, ते सगळे आता त्याच्या अंगणात येऊन बडे मोडणार होते. केवळरामचं तत्त्वज्ञान सोपं होतं. मंडई ही फार सुंदर गोष्ट आहे, फक्त ती दुसऱ्याच्या गावची असावी.

बायकांच्या बाजूनं, कधी नाही ते, शकुनबाईचा आवाज आला. “भरवा म्हणावं मंडई. आमच्या घरी पाहुणे आले तं मी पाहीन.”

सभेत कोणी तिच्याकडं पाहिलं नाही. सगळ्यांनी केवळरामकडं पाहिलं. तो बसला.

पण दुसऱ्या दिवशी चमत्कार झाला. केवळराम आपल्या पायानं मंडळात आला, आमच्याबरोबर जमिनीवर बसला आणि म्हणाला, “भरवाचीच आहे तं मंग धडाची भरवा. तारीख मी काढून देतो. सगळ्या मंडयांच्या तारखा मले तोंडपाठ आहेत.” आम्हाला वाटलं, माणूस सुधारला. माणूस सुधारला असं ज्या दिवशी वाटतं, त्या दिवशी घराला कडी घालावी, हे आम्हाला पुढं कळलं.

त्यानं तारीख काढून दिली ती नेमकी सिहोऱ्याच्या मंडईची.

आमच्याकडं मोठ्या गावाच्या मंडईवर लहान गाव आपली मंडई कधी ठेवत नाही. ठेवलीच तर कुत्रंही फिरकत नाही. सिहोऱ्याची मंडई म्हणजे चार-चार दंडारी, मोठं नाटक, माणसांचा पूर. तिथं सोडून खैरटोल्याला कोण येणार? आमच्यातल्या एकानं ही शंका काढली, तेव्हा केवळराम हसला.

“तेच तं गंमत आहे. सिहोऱ्याले जाणारा रस्ता कुठून जाते? आपल्या गावावरून. सगळी गर्दी आपल्या दारावरून जाईल अना येईल. अर्धी तं अशीच वळते. सिहोऱ्याच्या नाकावर टिच्चून मंडई भरवाची.”

नाकावर टिच्चून म्हटलं की तरुण पोरांना पुढचं ऐकू येत नाही. आम्ही तारीख पक्की केली. केवळराम घरी गेला तो शीळ घालत गेला असं शेजारचे सांगतात. मंडईही झाली, पाहुणेही टळले. शिवाय गावात शहाणा म्हणून नाव झालं. एका दगडात तीन पक्षी.

शकुनबाईला दिवस ऐकूनच डाव कळला. पण ती भांडली नाही. तिनं कोंबडीची पिल्लं दुसऱ्या टोपलीखाली घातली आणि कढई चिंचेनं घासायला घेतली.

“एवढी मोठी कढई कायले?” केवळराम म्हणाला. “कोणी येत नाही.”

“नाही आले तं आपण खाऊ.”

गावची गुरं राखणारा डोमा गोवारी हा आमच्या गावच्या ढालीचा मानकरी. उंच बांबू, त्याला रंगीत कापडं, वर मोरपिसांचा झुपका, अशी ती ढाल. दिवाळीनंतर ती गावोगावच्या मंडयांना जाते, आणि सिहोऱ्याला खैरटोल्याची ढाल दुपारी पोचलीच पाहिजे असा रिवाज. तेव्हा डोमा दुपारी सिहोऱ्याला जाणार आणि सांजेला परत येऊन आपल्या मंडईत नाचणार, असं ठरलं होतं. सकाळी तो शकुनबाईच्या दारात ढाल घेऊन आला. तिला तो मामी म्हणायचा, केवळरामला मामा. तिनं ढालीची पूजा केली, तांदूळ वाहिले आणि हळूच म्हणाली, “डोमा, तू सिहोऱ्याले जाऊन राहिला ना? मामा ज्याच्या ज्याच्या घरी जेवले ते सगळे तिथं भेटतील. त्याहिले सांगजो, खैरटोल्याच्या शकुनबाईनं जेवाले बलावलं आहे. नाटकाच्या आधी येजा म्हणावं.”

“मामाले माहीत आहे का, मामी?”

“ते इतकी वर्षं मले विचारून जेवाले गेले का?”

डोमानं ढाल उचलली.

दुपारपर्यंत केवळरामचं गणित बरोबर चाललं होतं. मधुकररावांनी उद्घाटन केलं, टाळ्या सरपंचांच्याच घरच्या माणसांनी वाजवल्या. एक जिलेबीवाला आला होता, तोही चार वाजता दुकान सिहोऱ्याला हलवावं का म्हणून विचारत होता. आमची दंडार नाचत होती आणि बघायला आम्हीच होतो. लोकांच्या गाड्या आमच्या गावावरून घुंगरं वाजवत सिहोऱ्याकडं जात होत्या. एकही वळली नाही. मी स्वतः रस्त्यावर उभा राहून हात जोडले, तर एका गाडीवाल्यानं मला वाट दाखवायला उभं केलंय असं समजून सिहोरा अजून किती लांब आहे ते विचारलं. मला रडू यायचं बाकी होतं. केवळराम मात्र कोट घालून ओट्यावर बसला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘पहिलं वर्ष आहे, असंच चालाचं’ म्हणत होता.

आत शकुनबाई बडे तळत होती. वास गल्लीभर सुटला होता. टोपलं भरलं, दुसरं भरलं. तरी एकही पाहुणा नव्हता. ती मधूनमधून दारापर्यंत यायची, रस्त्याकडं पाहायची आणि पुन्हा आत जायची. शेजारच्या केशरबाई सांगतात, तिसऱ्यांदा आत गेली तेव्हा तिनं पदरानं डोळे पुसले. तेव्हा केवळरामच्या कोटाला धरून त्याला ओट्यावरून खाली ओढावं असं मला वाटलं होतं, आजही वाटतं.

ऊन उतरलं. आणि भारी धानाच्या बांध्यांवरून, सिहोऱ्याच्या बाजूनं, आधी ढालीचा मोरपिसांचा झुपका दिसला. मग डफ ऐकू आला. मग ढालीच्या मागं बैलगाड्या दिसल्या. एक, दोन नाही, रांगच. सायकली होत्या, पायी लोक होते.

झालं होतं असं. सिहोऱ्याला निर्मलाबाईंनी नेहमीप्रमाणं केवळरामचं ताट वाढून ठेवलं होतं. तो येईना. पुंडलिकराव तिथं आले होते, तेही विचारू लागले. तुलारामची मुलगी सिहोऱ्यालाच दिलेली, म्हणून तोही सानगडीहून आला होता. केवळराम जिवंत तर आहे ना, इथवर चर्चा गेली. तेवढ्यात डोमा ढाल घेऊन पोचला आणि त्यानं निरोप सांगितला. केवळरामच्या घरी जेवण! निर्मलाबाई म्हणाल्या, “आज तो बडा पाहूनच येऊ.” बातमी मंडईभर फिरली. ज्या ज्या गावात तो जेवून गेला होता, त्या त्या गावचे लोक उठले.

हीच केवळरामची चूक. दुसरी कोणतीही तारीख धरली असती तर त्याचे यजमान आपापल्या गावी विखुरलेले राहिले असते, चार-दोन आले असते. त्यानं दिवस असा काढला की पंचक्रोशीतले सगळे यजमान आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर एका जागी गोळा झालेले. अर्धी गर्दी अशीच वळते, हे त्यानं थाप म्हणून सांगितलं होतं. ती थाप ओळीनं त्याच्या दाराशी येऊन उभी राहिली.

केवळराम ओट्यावरून उठला. छत्री शोधू लागला. बहुधा सवयीनं.

“बसा पाव्हणे,” पुंडलिकराव त्याला म्हणाले, “आज आम्ही पाव्हणे आहो.”

पण लोकांचं स्वागत शकुनबाईनं केलं, आणि ते बघण्यासारखं होतं. तिनं यांतल्या एकाचंही तोंड पूर्वी पाहिलेलं नव्हतं, पण डोमानं गाव सांगितलं की ती माणूस ओळखायची. “तुमी बपेऱ्याचे पुंडलिकराव ना? गोऱ्हा चांगला आहे ना जी?” तुलारामला म्हणाली, “माय कशी आहे? डोळे दाखवले का तिचे?” तुलाराम चकित झाला. आपल्या घरचं एवढं आपल्या सोयऱ्यांनाही ठाऊक नाही, म्हणाला. तिनं चुलीपाशी बसून ऐकलेली सगळी माणसं त्या संध्याकाळी तिच्या अंगणात उतरली होती.

पंगत बसली. अंगण पुरलं नाही, शेजारचंही अंगण घेतलं. केवळराम वाढायला उभा होता. त्याला वाढता येत नव्हतं, भात सांडत होता. आणि मग बडे आले. सगळी पंगत थांबली. पुंडलिकरावांनी एक बडा उचलला, मधोमध मोडला, डोळ्यांजवळ नेला, आतली जाळी पाहिली. त्यांच्या मागोमाग सगळ्यांनी आपापला बडा मोडला आणि डोळ्यांजवळ नेला. केवळरामनं मान खाली घातली. मला तर हसू आवरेना.

पुंडलिकरावांनी घास घेतला. चावला. आणखी एक घेतला. मग ते म्हणाले, “केवळरामजी, तुमी खोटं नाही बोलत होते.”

“काय बोलत होते?” शकुनबाईनं विचारलं. तिच्या हातात टोपलं होतं.

निर्मलाबाईंनी तिच्याकडं नवलानं पाहिलं. “तुमाले माहीत नाही, बाई? दरवर्षी आमच्या बड्याले नावं ठेवून जातात. आमच्या घरचा बडा, आमच्या घरचा बडा. मी तं पाटा बदलला यांच्या पायी. आता समजलं, काहून म्हणत होते.”

“आमच्याकडंही तेच,” तुलाराम म्हणाला.

मागून आणखी तिघाचौघांनी तेच सांगितलं. इतक्या वर्षांत इतक्या गावांत जे बोललं गेलं, ते शकुनबाई एका पंगतीत ऐकत होती. ती टोपलं घेऊन तशीच उभी राहिली. मग तिनं नवऱ्याकडं पाहिलं.

“मले कधी सांगलं नाही तुमी.”

“तुले काय सांगाचं?” केवळराम म्हणाला. “तू तं घरचीच आहे.”

पंगत हसली. शकुनबाई हसली नाही. ती एकेकाच्या पानात दुसरा बडा वाढत गेली आणि केवळरामपाशी आली तेव्हा थांबली नाही.

निघताना निर्मलाबाईंनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं. “पुढच्या वर्षी तुमी येजा, बाई. यांले नका पाठवू.”

“येतो ना,” शकुनबाई म्हणाली.

आम्हाला वाटलं, बोलायची पद्धत. पण एकोणऐंशीच्या भाऊबीजेनंतर सिहोऱ्याकडच्या पहिल्या मंडईला डोमाची ढाल निघाली, तेव्हा मागं शकुनबाई होती. नवं लुगडं, डोक्यावर बड्यांची टोपली, काखेत केवळरामची छत्री. केवळराम कोट घालून दारात आला होता.

“तू गेली तं गुरं कोण पाहील?”

“घरचंच तं आहे,” ती म्हणाली, “तुमी पाहा.”

आणि गेली. आमच्या मंडईची तारीख मात्र तीच राहिली. एकदा ठरलेली तारीख कोण हलवतं? दरवर्षी सिहोऱ्याचे लोक सांजेला आमच्याकडं जेवायला येत, आणि बाकी साऱ्या मंडयांना शकुनबाई जाई. ऐंशीत, एक्क्याऐंशीत, पुढंही. केवळराम गुरं सोडी, बांधी, आणि रस्त्याकडं डोळे लावून ओट्यावर बसे. ती परत आली की विचारी, काय काय होतं जेवायला? ती सगळं सांगे. सांगण्यात तीही कंजूष नव्हती.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडं बसलो होतो. शकुनबाई नुकतीच मंडईहून आली होती. केवळरामनं स्वतः रांधलेली लाखोळीची डाळ आणि भात तिच्यापुढं ठेवला आणि समोर उकिडवा बसून राहिला. तिचा पहिला घास तोंडात गेला तसा तो पुढं वाकला. आयुष्यभर गावोगावचे यजमान त्याच्यापुढं असेच वाकून बसत.

ती सावकाश जेवली. हात धुतला.

“उद्या बपेऱ्याची मंडई आहे,” ती म्हणाली, “मले येवाले उशीर होईल. मीठ तेवढं पाहून टाकत जाजा.”